ज्याच्यातर्फे मी बोलले

कुरोसे बेट, १४ जानेवारी १९५८

दादा,

नव्या वर्षाच्या पत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की एबिसूतर्फे गेन्झोकाकांनी उत्तर दिलं. गेन्झोकाका त्या दिवशी होडीत नव्हतेच, ताप येऊन घरी पडले होते. उत्तर मी दिलं.

ते पत्र बाबा सांगत होते आणि मी लिहीत होते, हे त्यातल्या बढायांवरून तुला कळलंच असेल. या जागी आल्यावर माझा हात थांबला. बाबा म्हणाले, "गेन्झो लिही. बाईमाणसाने उत्तर दिलं हे ओसाकापर्यंत कशाला जायला हवं?" मी लिहिलं. सांगणारे ते असले तरी अक्षर माझं, म्हणून चूकही माझी. छातीच्या दुखण्याने मी अकरा वर्षांची होईपर्यंत घरातच होते आणि आईने मला मासळी गुंडाळायच्या कागदांवर लिहायला शिकवलं, ते तुला आठवत असेल. चुकलेलं खरवडायचं नाही, म्हणायची. त्यावर एक रेघ मार आणि बरोबर ते शेजारी लिही, म्हणजे दोन्ही दिसतं. तर रेघ मारते आहे.

२९ डिसेंबरला आम्ही तांबोशीच्या खळग्यावर मासेमारीला गेलो होतो. तू गेल्यापासून तुझं वल्हं रिकामं आहे. गेन्झोकाका नसले की बाबा मला नेतात, आणि बंदराबाहेर पडेपर्यंत डोक्याला तुझा रुमाल बांधायला लावतात, लांबून पोरगा दिसावा म्हणून. खळग्याच्या खुणा त्यांनी मला शिकवल्या आहेत. डोंगराची कोणती खाच कोणत्या झाडावर आणायची आणि बाजूला काय दिसलं की थांबायचं, ते इथे लिहीत नाही. पत्रं उघडली जातात. तुला तर त्या माहीतच आहेत.

जोडखडकाच्या आडोशाला तो पालथा तरंगत होता. बाबांनी डोक्याचा रुमाल काढला आणि एवढंच म्हणाले, "आला." समुद्रात मिळालेल्या माणसाला आपण प्रेत म्हणत नाही. एबिसू म्हणतो, घरातल्या फळीवर काखेत तांबोशी धरून हसणारा देव आहे त्याच्याच नावाने. तुझ्या खोलीतल्या सोबत्यांना हे वाचून दाखवू नकोस, हसतील. बाबांनी त्याला उजव्या कडेला ओढलं, कॉलर धरली आणि मोठ्याने विचारलं, "तांबोशी देशील का? देशील तर घरी नेतो."

त्याच्यातर्फे उत्तर द्यायला समोरच्या कडेला माणूस लागतो. बाबांनी वर पाहिलं तर मी.

"बोल."

"मी? बाबा, मी नको."

"मग कोण, होडी बोलेल? बोल लवकर, हात गारठला."

मी म्हणाले, "देईन."

त्या दिवशी काय झालं ते बाबांनी सांगितलेलं खरं आहे. गळ तळाला टेकतो न टेकतो तोच दोर जड व्हायचा. थंडीत तांबोशी तोंड उघडायचा आळस करते, तासन्‌तास बोटावर दोर धरून बसावं लागतं, हे तू मला शिकवलंस. त्या दिवशी बसायला वेळच मिळाला नाही.

बाकीचं पत्र बरोबर आहे. त्याला आणला आणि देवळामागे माती दिली.

तुझी,
शिनो


२३ जानेवारी

दादा,

पुन्हा दुरुस्ती आहे. मागच्या पत्राची शेवटची दोन वाक्यं खोटी आहेत, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती. माझी मीच लिहिली.

त्याला आणलेला नाही. देवळामागे कुणाला माती दिलेली नाही.

होडीचं टाकं भरलं तेव्हा उजेड होता. मला वाटलं आता त्याला वर घेऊ. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "याचं द्यायचं अजून संपलेलं नाही. मधेच उठवलं तर अपमान होईल." असं कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी त्याला दोन गवती चटयांत गुंडाळलं, जोडखडकाच्या खालच्या कपारीत सरकवलं, दगड लावला आणि खडकाच्या सुळक्याला दोर बांधला. पूर्ण ओहोटीला दोराचा हातभर तुकडा दिसतो. इतर वेळी काही दिसत नाही.

"उद्या नेऊ," म्हणाले.

त्यानंतर पंचवीस सकाळी झाल्या. वाऱ्याच्या चार दिवसांखेरीज रोज गेलो. गेन्झोकाका बरे झाले आहेत, पण बाबा त्यांना नेत नाहीत. "त्याला तुझा आवाज माहीत आहे," असं मला म्हणतात. रोज खडकाजवळ थांबायचं, बाबांनी विचारायचं, मी देईन म्हणायचं, मग गळ सोडायचा.

मासळी येते. मच्छीमार सोसायटीतले लोक विचारतात, मांझो, समुद्राच्या तळाला भोक पाडलंस की काय? बाबा हसतात. पण मासळीबद्दल मला तुला एक सांगायचं आहे, आणि हे वाढवून सांगत नाही, इतरांनीही पाहिलं आहे. खोलातून वर आली की तांबोशीचं पोट फुगतं, म्हणून आपण बांबूच्या सुईने हवा काढतो आणि तिला बंदरातल्या पाण्यातल्या पेटीत जिवंत ठेवतो. इतरांच्या पेटीतली मासळी फिरते. आपल्या पेटीतली फिरत नाही. सगळ्या एकाच दिशेला तोंड करून उभ्या असतात. मी पेटी दोराने अर्धी वळवून पाहिली. त्या हळूहळू परत वळल्या. जोडखडक त्याच बाजूला आहे.

आत्याने पाहिलं. म्हणाली, "ओहोटीचं पाणी तसं ओढत असेल." मग पाण्याकडे पाहून म्हणाली, "आत्ता भरती आहे, नाही का?" आणि टोपली उचलून घरी गेली.

बाबा हे पैशासाठी करत नाहीत, दादा. हे मी त्यांच्या बाजूने लिहिते कारण ते खरं आहे. चार वर्षांपूर्वी ते तुला म्हणाले होते, जातोस तर समुद्राकडे तोंड करून झोपू नकोस. ते वाक्य त्यांनी परत घेतलेलं नाही, त्यांना ते जमतच नाही. पण रोज खळग्यावर गळ ओढताना म्हणतात, "एवढी मासळी ऐकली की येईल तो. कारखान्यातल्या लोखंडाला काय वास असतो?" नव्या वर्षाचं पत्र त्यांनी त्यासाठीच माझ्याकडून लिहून घेतलं. आणि मी ते छान अक्षरात लिहिलं.

शिनो


२९ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. चार वर्षांत पहिलं. "तांबोशी एवढी लागत असेल तर बघायला येतो. ९ फेब्रुवारीच्या टपालबोटीने." बाबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं आणि मग फळीवर एबिसूच्या मागे ठेवलं. संध्याकाळी ते एकटेच हसत होते. जेवताना म्हणाले, "तुझी सुटका झाली, शिनो. आता उत्तर तो देईल. बाईमाणसाच्या तोंडून किती दिवस चालवायचं."

मी विचारलं, "बाबा, त्याला आता घरी न्यायचं ना? दादा यायच्या आधी?"

"तो आल्यावर बघू."

"तुम्ही त्याला शब्द दिला होता."

"त्यानेही दिलाय. तो अजून पाळतोय. मी का घाई करू?"

हे लिहिल्यावर आता ते लिहिते, जे २३ तारखेच्या पत्रात मी टाळलं. २१ तारखेला मी उत्तर दिलं नाही.

मी ठरवून गेले होते. मी बोलले नाही तर मासळी थांबेल आणि बाबा त्याला सोडतील, असा माझा हिशेब होता. वारा पडला होता, पाणी तेलासारखं होतं. बाबांनी पुढच्या टोकाला उभं राहून विचारलं. मी मागे वल्ह्यावर होते, मफलर नाकापर्यंत होता. मी दातांवर दात धरले.

"देईन."

बाबांनी मान हलवली आणि गळ सोडला. त्यांना वाटलं मीच. आवाज माझाच होता, दादा. माझ्यासारखा नव्हे, माझाच, थोडा घोगरा, सर्दी झाल्यावर होतो तसा. पण तो माझ्या तोंडातून आला नाही. माझ्या मागून, खडकाच्या बाजूने, पाण्याच्या अगदी लगत आला. मी वळून पाहिलं नाही. हे मी कबूल करते, पाहिलं असतं तर आज तुला नक्की काहीतरी सांगता आलं असतं.

त्या दिवशी सर्वांत जास्त मासळी मिळाली.

आणि काल. आत्या चुलीपाशी मुळा शिजवत होती. मला म्हणाली, "मीठ दे गं जरा." मी मिठाकडे हात करतच होते, आणि माझ्या तोंडातून निघालं, "देईन." कसं सांगू? मी म्हटलं नाही. जांभई यावी तसं आलं. आत्याच्या हातातली पळी चुलीत पडली.

"हे कुठून आणलंस?"

मी मिठाचं भांडं तिच्यापुढे ठेवलं.

"शिनो. तुझ्या बापाने त्याला कुठे ठेवलाय?"

मग मी सगळं सांगितलं. तुला ठाऊक आहे, आत्या चाळीस वर्षं बुडी मारून शिंपले काढते आहे, तिला कशाचं भय वाटलेलं मी पाहिलेलं नाही. ती उठली आणि दाराला आतून कडी घातली.

"गाढव आहे," म्हणाली. "लहानपणी मुरवायला ठेवलेली लोणची चोरून खायचा, बरणी पुरी रिकामी होईपर्यंत. अजून तसाच." मग माझी हनुवटी धरून तोंडात बघितलं, दाताचा डॉक्टर बघतो तसं. "ऐक, पोरी. त्याच्यातर्फे बोलणारा माणूस त्याला आपला आवाज उसना देतो. किनाऱ्यावर आणून माती दिली की पहिलं पाणी त्याच माणसाने घालायचं. तेव्हा आवाज परत मिळतो. म्हणून तर त्याच दिवशी माती देतात. महिनाभर उसना ठेवलेला मी ऐकला नाही."

"आणि दुसऱ्या कुणी उत्तर दिलं तर? दादाने?"

"मग दोघांचे जातील. त्याला काय, तो नको म्हणणार आहे का?"

दादा, येऊ नकोस. तार केली असती, पण इथला तारमास्तर प्रत्येक तार दारात उभा राहून मोठ्याने वाचतो. हे पत्र मिळाल्यावर तरी येऊ नकोस. बाबांच्या तोंडावर नाही म्हणायला मला जमलं नाही, तुलाही जमणार नाही. चार वर्षांनी ते तुझ्याकडे बघून हसतील आणि म्हणतील, बोल. तू बोलशील.

शिनो


३ फेब्रुवारी

दादा,

टपालबोट उद्या निघते आणि हे पत्र तुझ्या हातात कदाचित पडणारच नाही, तू आधीच निघालेला असशील. तरी लिहिते. काय झालं ते कुठेतरी नीट लिहिलेलं असावं.

काल सोसायटीच्या शेडमध्ये आम्ही बायका मासळी निवडत होतो. उत्तरेच्या बेटावरून एक बाई आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. नाव नुई. तिचा नवरा हेइसुके डिसेंबरात स्क्विडच्या होडीवरून पडला. ती बेटामागून बेट करत विचारत निघाली आहे. ती प्रत्येकीसमोर वाकत होती आणि प्रत्येकीला तेच सांगत होती, "अंगात जाड निळसर अंगरखा आहे. काळा दोरा संपला होता, म्हणून कॉलर मी लाल दोऱ्याने शिवली. लोक हसायचे त्याला. दिसला तर मला द्या."

मी ती कॉलर पाहिली आहे. बाबांनी तीच धरली होती.

कुणी म्हणालं, बिचारी. कुणी तिला चहा दिला. माझ्यासमोर आली आणि वाकली. "दिसला तर मला द्या."

"देईन."

या वेळी आवाज माझा नव्हता. पुरुषाचा होता, सावकाश, शेवटचं अक्षर जरा ओढणारा. शेडमध्ये बर्फ फोडण्याचा आवाज चालू होता, म्हणून इतर कुणाला ऐकू गेलं नसावं. आत्याला गेलं. आणि नुईला. ती वाकलेलीच राहिली. मग तशीच, वर न बघता म्हणाली, "परत म्हणा."

माझं तोंड उघडं होतं पण काही आलं नाही.

"तो असंच म्हणायचा," ती म्हणाली. "काहीही मागा. मीठ आण, दार दुरुस्त कर, आईला पत्र लिही. देईन, करीन, लिहीन. आणि विसरायचा." ती हसली. दादा, ती खरंच हसली, आणि मग जमिनीवर बसली.

आत्याने तिला उठवून आमच्या घरी आणलं. बाबा जाळ्यांच्या खोपटात होते. मी तिला पहिल्यापासून सांगितलं. काही गाळलं नाही, मी पहिल्या दिवशी घाबरून बोलले तेही, आणि त्यानंतर रोज सकाळी बोलत राहिले तेही. तिने मला मारलं असतं तरी चाललं असतं. तिने एवढंच विचारलं, "चटया किती आहेत?"

"दोन."

"जाड आहेत?"

"हो."

"बरं," म्हणाली. मग बराच वेळ चहाचा पेला हातात धरून बसली. प्यायली नाही.

ती देवळात उतरली आहे. चौकीत ती जात होती, मी तिला थोपवलं. बाबांना वाचवायला नाही, असं मी स्वतःला सांगते, पण ते पूर्ण खरं नाही. थोडं बाबांसाठीही आहे. मी तिला म्हटलं, पोलीस खुणा न जाणता चार दिवस खडकाभोवती फिरतील, आणि बाबा त्याच्या आदल्या रात्री दोर कापतील. ते तसं करतील असं लिहिताना माझा हात थांबला होता. तरी लिहिते, कारण मला तसं वाटतं. त्याला माती मिळाली की चौकीत मी जाईन. सांगणारीही मी आणि लिहून देणारीही मी. बाबा मला घरात ठेवतील की नाही ठाऊक नाही. आत्या म्हणाली, तिच्याकडे एक वळकटी जास्त आहे आणि ती घोरते, एवढंच सहन करावं लागेल.

होडी कशी न्यायची हा प्रश्न होता. बाबा रोज पहाटे तिच्यावर असतात. पण आज त्यांनी नवा रुमाल घडी घालून ठेवला आणि सांगितलं की तुला आणायला ते स्वतः पलीकडच्या बंदरात जाणार. सात तारखेच्या सकाळच्या बोटीने. तिथे दोन रात्री राहून तुझ्याबरोबर परत. चार वर्षांत बेट न सोडलेला माणूस, दादा. केस कापून आले आहेत. मी त्यांच्या कोटाचं बटण शिवलं, आणि शिवताना एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.

आत्या वल्ह्यावर असेल. मी पाटीवर लिहून विचारलं, तुझे गुडघे? म्हणाली, "बुडी मारताना गुडघे लागतात, बसून वल्हवायला नाही. तू तुझ्या हातांचं बघ, दोर भिजला की लोखंड होतो." खुणा मीच दाखवणार. दोर मी सोडवीन, मी उत्तर दिलं त्या डाव्या कडेने त्याला घेईन. नुई किनाऱ्यावर थांबेल. तिने देवळातून एक रजई मागून घेतली आहे. खड्डा खणायला आत्याने गेन्झोकाकांना सांगितलं, आणि ते काही न विचारता हो म्हणाले. बहुतेक त्यांना आधीच कळलं होतं.

मला भीती कशाची वाटते ते लिहून ठेवते. त्याची नाही. खडकाजवळ त्या दिवशी कुणी विचारणारं नसेल, तरी उत्तर येईल, याची. आणि पहिलं पाणी घातल्यावरही आवाज परत आला नाही तर, याची. काल रात्रीपासून मी आत्याशीसुद्धा पाटीवर लिहून बोलते आहे. तोंड उघडायला नको वाटतं. तू पलीकडच्या बंदरात बाबांना भेटलास तर मी काय करते आहे ते तेव्हा सांगू नकोस. बोटीत बसल्यावर, परतीचं निम्मं अंतर आल्यावर सांग. तोपर्यंत झालेलं असेल. तू सांगितलंस तर ते तुझ्यावर ओरडतील. ओरडू दे. तुझ्याशी ते चार वर्षांत बोललेले नाहीत.

पौर्णिमा उद्याची, म्हणजे मोठी ओहोटी त्यानंतर आणखी तीन दिवस टिकेल आणि दोर दिसेल. वारा उत्तरेचा आहे पण उतरतो आहे. मी तारखा दोनदा ताडून पाहिल्या आहेत. शुक्रवार, ७ फेब्रुवारी, बाबांची बोट धक्क्यावरून दिसेनाशी झाल्यावर, दुपारच्या ओहोटीला आम्ही निघू.